फाटलेल्या पत्र्याला वाली कोण?

चहा येईपर्यंत मुद्द्याचं बोलून घेतो. गाडी घेताना मिळालेलं माहितीपत्रक तुम्हीही कुठल्यातरी फाइलमध्ये जपून ठेवलं असेल. सीटच्या कापडाचा रंग त्यात आहे, पाण्याची बाटली ठेवायच्या खाचा आहेत, स्पीकर किती तेही आहे. मागच्या फ्लोअरच्या हातभर जागेवर किती किलो ठेवायचे, एवढं मात्र नाही. मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय. अख्ख्या गाडीने किती भार वाहावा याचा आकडा दिला आहे. पण भार अख्ख्या गाडीवर बसतो कुठे? तो एका ठरावीक जागी बसतो, आणि त्या जागेबद्दल कोणाकडे काहीच लिहून ठेवलेलं नाही.

मी पंपदुरुस्ती करतो. ऐन पाणीपाळीला मोटर जळते तेव्हा शेतकरी बांधावर उभा असतो, आणि पाना शोधायला पोत्यात हात घालून बसलेला माणूस त्याला बघवत नाही. म्हणून व्हॅनमध्ये मागे खण करून घेतले. लोखंडी अँगलचा सांगाडा, 18 मिलिमीटरचं प्लाय, बॉलबेअरिंगचे चॅनल. या जाडीच्या प्लायचा आठ बाय चारचा एकच ताव तिशीपार किलो भरतो. त्यात पाने, बेअरिंग पुलर, तांब्याच्या तारेची रिळं आणि चेनब्लॉक आले की शे-सव्वाशे किलोला वेळ लागत नाही. यातली एकही वस्तू हौसेची नाही.

आता हे सगळं कशावर उभं राहतं ते बघा. व्हॅनच्या तळाचा पत्रा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला ताठपणा यावा म्हणून कारखान्यात लांबट उठाव दाबून काढतात. सपाट बुडाचा सांगाडा त्यावर ठेवला की तो फक्त त्या उठावांच्या माथ्यावर टेकतो, मधला पत्रा मोकळाच राहतो. फॅब्रिकेशनवाल्याने वरून भोकं पाडली, बोल्ट घातले आणि खाली नेहमीचा छोटा वॉशर लावून नट आवळले. गाडी खड्ड्यातून उसळते तेव्हा तेच वजन क्षणभर दुपटी-तिपटीने दाबतं, आणि उलट झोल बसला की बोल्ट पत्र्याला वर ओढतो. वर-खाली, वर-खाली, रोज. लोखंड यानेच थकतं. भोकाभोवती आधी रंगाला केसासारखी चीर जाते, मग ती पत्र्यात उतरते, आणि एक दिवस बोल्ट वॉशरसकट वर येतो. खालून रस्ता दिसतो. पावसाळ्यात रस्ता आतही येतो.

जबाबदारी निश्चित करायला निघालो. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, 'माझा खण बघा, जोड हललाय का कुठे?' खरंच हलला नव्हता. गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये म्हणाले, खण बाहेरचा, त्यामुळे वॉरंटीचा प्रश्न उद्भवत नाही. विमावाल्यांकडे झीज आणि यांत्रिक मोडतोड वगळल्याचं कलम तयारच असतं. शिवाय हे खण आरसी बुकावर दाखल आहेत का, असा उलट प्रश्न आला. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 52 गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे, ते मीही वाचलं आहे. पान्यांचा खण हा फेरबदल की सामान, हे मला लेखी कोणीही दिलं नाही.

आणि रस्ता? इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप घालून दिलेलं आहे: 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच, ताशी 25 किलोमीटर वेगाने सुखरूप ओलांडता येईल असा गोलसर उंचवटा. आमच्या वाटेवरचे बरेचसे गतिरोधक रातोरात उरलेल्या काँक्रीटचे झालेले आहेत. हातभर रुंद आणि उभ्या कडेचे. माझा पत्रा फाडण्यात त्यांचा वाटा आहे, पण त्यांना नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची?

खरा अन्याय दुरुस्तीत होतो. पहिल्या मिस्त्रीने फाटलेल्या जागी चांगली जाड पट्टी ठोकून चारी बाजूंनी वेल्ड मारला. बघणाऱ्याला वाटेल, काय मजबूत काम आहे! पण जाड पट्टी वाकत नाही, भोवतालचा पातळ पत्रा वाकतो, आणि सगळा ताण दोघांच्या सीमेवर जमतो. चीर तिथूनच पुन्हा निघाली, पट्टीच्या कोपऱ्यातून. त्याला हे दाखवलं तर म्हणतो, 'माझी पट्टी तर शाबूत आहे ना?' म्हणजे पुन्हा तेच. प्रत्येकाचा आपापला तुकडा शाबूत, आणि मधला पत्रा, जो कोणाचाच नाही, तो फाटलेला.

हे काम नीट होतं. अवघडही नाही, फक्त वेळ खातं, म्हणून कोणी करत नाही. खण बाहेर काढायचे, मॅट आणि त्याखालचा ओला नमदा काढायचा. खाली पेट्रोलची टाकी, नळी किंवा वायरिंग जातंय का ते बघून आधी ते बाजूला घ्यायचं आणि बॅटरी सोडवायची. रंग खरवडून पत्रा उघडा करायचा. चिरेच्या टोकाला तीनेक मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग वेल्ड, आणि ठिगळ लागलंच तर पत्र्याच्याच जाडीचं, गोल कोपऱ्यांचं. टाके थोडे थोडे, जागा बदलून मारायचे, नाहीतर पत्रा फुगतो. त्यावर झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर, खालून अंडरकोट. एवढं करूनही खण पुन्हा पत्र्यावरच कसला तर सगळं फुकट. भार गाडीच्या आडव्या क्रॉस मेंबरांवर उतरला पाहिजे: एका क्रॉस मेंबरवरून दुसऱ्यावर जाणारे अँगल टाकायचे आणि खण त्यांना बांधायचा. जिथे पत्र्यातून बोल्ट न्यावाच लागेल तिथे खाली तळहाताएवढी प्लेट. आता माझ्या व्हॅनचं काम असंच चाललंय, आणि मिस्त्रीशेजारी स्टूल टाकून मी बसलेलो असतो. त्याला ते आवडत नाही. नाइलाज आहे.

कंपनीला पत्र लिहून ठेवलंय. मागणी एकच: माहितीपत्रकात फ्लोअरवरच्या भाराचा आकडा आणि क्रॉस मेंबर कुठून जातात त्याचा नकाशा छापा. त्यासाठी स्पीकरची ओळ काढली तरी माझी हरकत नाही.

तुमच्या गाडीत मागे खण, कपाट, गॅस किटची टाकी, काहीही वजनदार बोल्टने कसलेलं असेल तर चहा झाल्यावर जरा मॅट उचला. बोल्टच्या कडेला रंगात चीर दिसली, किंवा बोटाने दाबल्यावर पत्रा टिकटिक वाजला, तर आजच नट सैल करा आणि वजन उतरवा. मग मला फोन करा. चांगल्या मिस्त्रीचं नाव सांगतो, पण स्टूल घेऊन जा.