देशीकाकांचा तरवड

आमच्या सोसायटीत झाड लावायचं म्हणजे आधी त्याचं मूळ गाव सांगावं लागतं. ही चौकशी देशीकाका करतात. त्यांचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. कुणाच्या कुंडीत नवं काही दिसलं की काका विचारणार, "हे कुठलं?" आणि त्यावर "नर्सरीतलं" असं सांगून सुटका नाही. गुलमोहर मादागास्करचा, सदाफुलीही तिकडचीच, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला, बोगनवेल ब्राझीलची. देवळापुढचा चाफासुद्धा मेक्सिकोकडून आलेला, हे त्यांनी एका आजींना ऐन आरतीनंतर ऐकवलं. दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूलाही ते सोडत नाहीत. घरी आल्यावर मात्र ठेचा-भाकरीवर आडवा हात मारतात. मिरचीसुद्धा त्याच बाजूची, असं काकूंनी एकदा वाढता वाढता म्हटलं, तर काका म्हणाले, "ती आता रुळली." झेंडू कधी रुळणार, हे काकूंनी विचारलं नाही. त्यांना भाकरी थापायची होती.

काका पाटबंधारे खात्यातले. उभी नोकरी कालवे, चाऱ्या आणि पाण्याची आवर्तनं यांत गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी ध्यास घेतला तो पाणी न लागणाऱ्या झाडाचा. उन्हाळ्यात टँकरचं बिल आलं आणि सोसायटीची मीटिंग तापली, तेव्हा काका उठले. "लॉन उपटा, तरवड लावा!"

चेअरमननी तरवड कधी पाहिला नव्हता. खरं तर पाहिला होता, पण गाडीच्या काचेतून. सोलापूरकडं जाताना मुरमाड माळावर कमरेएवढी झुडपं आणि वर पिवळ्याधमक फुलांचे घोस दिसतात, तोच हा. काका सुरू झाले. मुळं खोल, म्हणून पाऊस रुसला तरी हा हिरवा. शेळीही सहसा तोंड लावत नाही. सालीत टॅनिन, म्हणून पूर्वी कातडी कमावायला हीच साल. तेलंगणात तर तो राज्याचं फूल, त्याच्यावाचून तिथं बतुकम्मा सणातली फुलांची रास रचली जात नाही. "आणि आपलं राज्यफूल कुठलं?" एवढं विचारून काका अडखळले. आपलं ताम्हण, आणि तेही देशीच. तक्रारीला जागा नव्हती, याचं त्यांना जरा वाईट वाटलेलं दिसलं. ठराव मंजूर झाला. सगळ्यांना जेवायला जायचं होतं.

नर्सरीत तरवड मिळेना. मग काका माळावरून चपट्या, तपकिरी शेंगा पिशवीभर घेऊन आले. तरवडाच्या बीचं कवच टणक. गरम पाण्यात रात्रभर भिजवलं तर ते लवकर उगवतं. गरम म्हणजे किती गरम, या प्रश्नाचा निकाल काकांनी चहाच्या पातेल्यात लावला. पहिलं बियाणं शिजलं. दुसरं उगवलं.

आणि इथून तरवडाचे हाल सुरू झाले. या झुडपाला एकच गोष्ट हवी असते: त्याच्या वाटेला न जाणं. काकांना नेमकी तीच जमत नाही. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला थोडं पाणी द्यावंच लागतं, पण काकांची झारी सकाळी यायची, संध्याकाळी यायची, आणि रात्री टीव्हीवर उष्णतेच्या लाटेची बातमी लागली की परत यायची. "कोवळं आहे हो अजून!" पुढं त्यांनी खड्ड्यात काळी माती ओतली, शेणखत घातलं, भोवती आळी केली, ठिबकच्या नळ्या टाकल्या आणि पाळीचं वेळापत्रक लिफ्टजवळ लावलं. पावसाळ्यात आळ्यांत पाणी साचलं, पानं पिवळी पडली, मुळं कुजली. रोपं एकामागून एक माना टाकू लागली. काकांचं निदान तयार होतं: "ही बुरशी बाहेरून आलेली दिसते."

आता बागेत तरवड नाही. तो आहे जनरेटरच्या मागं, बांधकामाच्या राडारोड्यावर. माळीबुवांनी उरलेलं बी तिथं झटकलं आणि ते विसरले. त्या झुडपाला आजवर कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नाही. ते पुरुषभर वाढलंय आणि पावसाळा सरता सरता असं फुलतं की काळे भुंगे दिवसभर घोंगावतात. पानांवर फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या येतात. सेक्रेटरी फवारणीचा पंप घेऊन आले, तर काका आडवे उभे राहिले. "खबरदार! त्या अळ्याही इथल्याच आहेत." मला विचाराल तर त्यांच्या साऱ्या देशीप्रेमातलं हे सर्वांत शहाणं वाक्य. नवरात्रात घटाच्या माळेसाठी बायका फुलं खुडून नेतात, तेव्हा काका कुणाला अडवत नाहीत. उलट प्रत्येकीला "हा माझा तरवड" असं बजावून सांगतात. माळीबुवा शेजारी बिडी ओढत उभे असतात. तेही काही बोलत नाहीत.

गेल्या आठवड्यात काका जनरेटरपासून नळापर्यंतचं अंतर टेपनं मोजत होते. काकूंनी पाइप माळ्यावर टाकलाय आणि शिडी शेजाऱ्यांना दिलीय.

तुम्हाला तरवड लावायचा असेल तर जरूर लावा. जागा उन्हाची बघा, पाणी निचरणारी माती बघा, पावसाच्या तोंडाशी बी टाका, पहिलं वर्ष सांभाळा आणि मग खुशाल विसरा. फक्त आमच्या काकांचा सल्ला घेऊ नका. ते प्रत्यक्ष बघायला येतील, आणि येताना झारी घेऊन येतील.