समुद्र फक्त बघण्यासाठी

व्याह्यांबरोबर प्रवासाला निघू नये, असं आपल्याकडे कोणी लिहून ठेवलेलं नाही. शास्त्रकारांना तेवढा अनुभव नसावा. दोन्हीकडचे आईवडील एकाच वेळी ब्रिस्बेनला येऊन थडकले, तेव्हा जावयानं घरात शांतता नांदावी म्हणून आम्हा चौघांची रवानगी एका दिवसासाठी थेट बेटावर केली.

बेट साधंसुधं नव्हे. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतचं के’गरी हे जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट. लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि 1992 पासून जागतिक वारसा. बुचुल्ला या मूळ रहिवाशांचं हे नाव. त्यातला ‘के’ लिहायचा, बोलायचा नाही. मधल्या काळात गोऱ्यांनी त्याचं फ्रेझर आयलंड केलं होतं. 2023 मध्ये मूळ नाव सरकारदरबारी परत आलं.

हर्वी बेच्या बाजूनं बार्जमधून पलीकडे गेलो. तिथे ट्रकच्या चाकांवर चढवलेली बस उभी होती. ड्रायव्हर हाच गाईड, हाच वनस्पतिशास्त्रज्ञ आणि हाच विनोदवीर. त्यानं सगळ्यांना पट्टे बांधायला सांगितलं.

“आम्ही एस्टीनं फोंडाघाट उतरलेली माणसं,” मालवणचे आमचे व्याही अप्पा म्हणाले आणि पट्टा बाजूला सारला. जंगलातला वाळूचा रस्ता सुरू झाला आणि पहिल्याच खड्ड्याला अप्पा माझ्या मांडीवर आले.

“माफ करा हं.”

“छे छे, आपलीच समजा!”

मुलीच्या बापाला दुसरं काय म्हणता येतं?

पहिला मुक्काम सेंट्रल स्टेशन. अप्पा फलाट शोधू लागले. हे स्टेशन म्हणजे जुन्या लाकूडतोडीचा तळ. नुसत्या वाळूवर उंचच उंच वर्षावन उभं आहे. इथल्या सॅटिने वृक्षाचं लाकूड सुएझ कालव्याच्या कामाला गेलं होतं. शेजारून वांगूलबा ओढा वाहतो. तळाशी दगड नाही, फक्त वाळू, त्यामुळे खळखळ म्हणून नाही. “याचा आवाज ऐकायचा तर शांत राहा,” असं ड्रायव्हरनं सांगितलं. सगळी बस श्वास रोखून उभी राहिली आणि काहीच ऐकू आलं नाही. विनोद तोच होता.

मग लेक मॅकेंझी, मूळ नाव बुरांगूरा. वाऱ्यानं कोरलेल्या खळग्यात पालापाचोळा कुजतो, वाळूशी मिळून त्याचा घट्ट थर बनतो आणि त्यावर पावसाचं पाणी साठून तळं होतं. नदी येत नाही, ओढा जात नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे शंभर मीटर उंचावर हे तळं नुसत्या पावसावर जगतं. अशी चाळीसच्या वर तळी बेटावर आहेत. पाणी काठाला पारदर्शक, पुढे निळं, त्यापुढे गडद निळं.

“मासे कुठले मिळतात?” अप्पांनी विचारलं. या पाण्यात पोषण इतकं कमी की मासे जेमतेमच, असं कळल्यावर त्यांचा तळ्यातला रस संपला.

बायकांचा मात्र वाढला. काठची वाळू म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका, रांगोळीसारखी पांढरीशुभ्र. विहीणबाईंनी त्या वाळूनं बांगड्या घासल्या, आमच्या हिनं टाचा. दिवाळीपुरती पिशवीभर न्यावी, असं दोघींचं एकमत झालं. लग्नानंतरचं बहुधा पहिलंच. ड्रायव्हरनं हसत मान हलवली. राष्ट्रीय उद्यानातली वाळू न्यायला बंदी आहे.

सोबत आणलेल्या चकल्यांनाही होती. तळ्याकाठी खाद्यपदार्थ चालत नाहीत, कारण डिंगो. हे रानटी कुत्रे वासानं येतात आणि एकदा माणसाच्या हातचं खायची चटक लागली की धीट होऊन अंगावर जातात. म्हणून खाण्यासाठी कुंपण घातलेली वेगळी जागा आहे: माणसं आत, जनावर बाहेर. पुढे किनाऱ्यावर एक डिंगो दिसला. पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड करून हात छातीशी घेऊन सावकाश मागे सरकायचं, हा नियम आम्ही बसच्या काचेआडून तंतोतंत पाळला.

किनारा सेव्हंटी फाइव्ह माइल बीच नावाचा, आणि तोच हमरस्ता. वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर, पोलिसांची गस्तसुद्धा. विमानांची धावपट्टीही तीच. ड्रायव्हरनं विमानाला वाट देण्यासाठी बस बाजूला घेतली, तेव्हा अप्पांनी गुपचूप पट्टा बांधला. वाटेत ‘माहेनो’चा गंजका सांगाडा लागला. 1905 साली स्कॉटलंडमध्ये बांधलेलं हे देखणं प्रवासी जहाज, पहिल्या महायुद्धात तरंगतं इस्पितळ झालं. 1935 मध्ये भंगारात काढून जपानकडे ओढून नेत असताना वादळात दोर तुटला आणि ते इथे येऊन रुतलं. भंगारात जायचं टळलं, वर रोज फोटो काढून घ्यायला माणसं येतात. निवृत्ती असावी तर अशी, असं अप्पा म्हणाले.

शेवटी एली क्रीक. हा ओढा तासाला सुमारे 40 लाख लिटर गोडं पाणी समुद्रात ओततो. रबरी ट्यूबवर बसायचं आणि प्रवाह नेईल तिकडे जायचं. अप्पा टोपी-चष्म्यासह निघाले ते थेट किनाऱ्यापर्यंत, आणि समोर लाटा बघून हरखले. ड्रायव्हरनं तिथेच थांबवलं: पुढे शार्क, जोरदार अंतःप्रवाह आणि जीवरक्षक कोणी नाही.

थोडक्यात, या बेटावर समुद्र बघायचा, किनाऱ्यावरून गाडी हाकायची, पोहायचं तळ्यात आणि जेवायचं कुंपणात. नियम इतके कडक आहेत म्हणून तर त्या तळ्याचा तळ अजून दिसतो. ज्यांना असं पाणी बघायचं असेल त्यांनी पोहण्याचे कपडे आतूनच घालून के’गरीला जरूर जावं. ज्यांना समुद्रात डुंबायचं असेल त्यांनी तारकर्लीचं तिकीट काढावं. चकल्याही नेता येतील.