झोपाळ्याच्या वर दीड हात

निवृत्त झाल्यावर काय करणार, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तीन वर्षं एकच उत्तर देत होतो. गुहागरच्या घरी जाणार आणि पडवीतल्या झोपाळ्यावर बसणार. "आणि पुढे?" असं कोणी विचारलं, की म्हणायचो, "पुढे, मग मागे, मग परत पुढे. झोपाळाच तो." या विनोदावर बँकेतले माझ्या हाताखालचे लोक मनापासून हसत. निरोप समारंभानंतर त्यांतलं कोणी हसलं नाही, पण तो विषय वेगळा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आई, ही आणि मी असे तिघं घर उघडून राहायला आलो. जळमटं काढली. विहिरीवरचा पंप खोकत खोकत सुरू झाला. माजघरात मांजर व्याली होती, तिला आईने आणखी महिनाभर राहायची परवानगी दिली. संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी झोपाळ्यावर बसलो, पायाने रेटा दिला आणि पहिला झोका घेतला. तुळईतली कडी कर्रर्र करून बोलली. दुसऱ्या झोक्याला माझ्या डाव्या कानाच्या पाळीत कोणीतरी तापलेला दाभण खुपसला.

चहा लेंग्यावर गेला, मी अंगणात गेलो. तिथून वर पाहिलं. आमच्या पडवीची तुळई बुटकी आहे. तिला, कडीपासून वीतभर अंतरावर, म्हणजे बसणाऱ्याच्या टकलाच्या वर बरोबर दीड हात, करड्या कागदाचं, भोकाभोकांचं, बशीएवढं एक पोळं काळ्या देठाने लोंबत होतं. त्यावर वीस-पंचवीस गांधीलमाश्या, पंख किंचित उचलून, तोंडं माझ्याकडे करून उभ्या होत्या. कर्जाचा हप्ता थकलेला माणूस काउंटरवर आला की आम्हीही असेच उभे राहायचो.

पुढच्या पाऊण तासात माझ्या कानावर बरंच काही झालं. आईने पानाच्या तबकातला चुना लावला. शेजारच्या काकूंनी "अहो, आधी लोखंड घासायचं असतं" म्हणत विळीचं पातं उलट्या बाजूने घासलं. हिने कांदा ठेचून बांधला. नारळ काढायला येणारे आबा आले, त्यांनी सगळं पाहून तुळशीतली माती सुचवली. फक्त फोडणी द्यायची राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बर्फ लावायचात की!" नंतर मात्र गंभीर होऊन त्यांनी बजावलं, की सूज जागच्या जागी असली तर घाबरू नका, पण ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली किंवा अंगभर गांधी उठल्या, तर चुना-कांदा करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. काहींना एकच डंख जिवावर बेततो.

"गांध उठवते म्हणून तर ती गांधीण," आई म्हणाली. नावावरून जो दुसरा विनोद सुचतो, अहिंसेचा, तो मला त्या आठवड्यात अकरा जणांनी ऐकवला. प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटत होतं. बाराव्यांदा तो मीच एकाला ऐकवला.

आता बंदोबस्त करणं भाग होतं. आबांचा उपाय सोपा होता. "सुक्या झावळीची चूड पेटवायची नि धरायची खाली. धूर गेला की माशी गेली." हे त्यांनी मे महिन्याच्या तोंडावर, शंभर वर्षांचं सागवान, वाळके वासे आणि माळ्यावरची गवताची रास डोक्यावर असताना सांगितलं. आई म्हणाली, "माश्यांबरोबर घरही जाईल." आबा म्हणाले, "पण माशी नक्की जाईल." दुसरा उपाय बांबूने पोळं पाडायचा. तो काकूंच्या धाकट्या दिरांनी पूर्वी त्यांच्या गोठ्यात केला होता. पोळं पडलं होतं आणि दीर गडगा ओलांडून थेट दुसऱ्याच्या वाडीत सापडले होते. मधमाशी बरी. तिच्या नांगीला उलटे काटे असतात, ती नांगी तुमच्या कातडीत अडकून तुटते आणि माशी मरते. गांधीलमाशीचं तसं नाही. तिची नांगी सहज बाहेर येते, त्यामुळे पहिल्या डंखाबद्दल तुमचं मत ऐकून घेऊन ती दुसरा मारू शकते.

उरला फवारा. बाजारातून डबा आणला आणि रात्री नऊला तयारीला लागलो. त्या वेळी सगळ्या माश्या घरी असतात आणि पेंगुळलेल्या असतात, असं दुकानदाराने सांगितलं होतं. अंगात रेनकोट, डोक्यात स्कूटरचं हेल्मेट, मानेभोवती हिची शाल, हातात मोजे, पायांत गमबूट. बाहेर पानही हलत नव्हतं. गुहागरात मे महिन्यात साधा बनियन सहन होत नाही. मी स्टुलावर चढेपर्यंत हेल्मेटची काच आतून धुरकटली आणि मला तुळई दिसेना. खाली बॅटरी धरून उभी असलेली ही म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना मारणार की आधी तुम्ही उकडणार?"

तेवढ्यात फोन वाजला. पुतण्याचा. तो बंगळुरात जीवशास्त्र शिकतो. हिने व्हिडिओ सुरू करून कॅमेरा वर धरला, आणि मोबाइलमधून भाचीच्या बारशाला निघावा तसा आनंदी आवाज आला. "काका! हात लावू नका! रोपालिडिया मार्जिनाटा असणार! काय सुंदर वसाहत आहे!"

मी हेल्मेट काढलं. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं पडवीच्या पायरीवर बसून ऐकत होतो. त्याने सांगितलं, की राघवेंद्र गदगकर नावाच्या शास्त्रज्ञांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यातली कित्येक दशकं याच माशीच्या अभ्यासात घालवली. एकेक माशी ओळखू यावी म्हणून तिच्या अंगावर रंगाचे बारीक ठिपके द्यायचे आणि मग तासन्‌तास पाहत बसायचं, कोण कोणाशी कसं वागतं. २००१ मध्ये त्यांचं त्यावर जाडजूड पुस्तक निघालं, तेही हार्वर्डहून. मला वाईट वाटलं. पगार घेऊन पोळ्यासमोर नुसतं बसता येतं, हे मला एकविसाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर मी बँकेची परीक्षा दिली नसती.

"काका, यातली राणी कुठली, सांगा बघू."

मी सगळ्यांत आडदांड दिसणाऱ्या माशीकडे बोट दाखवलं. ती दुसरीला ढुशा देत होती.

"चूक. या जातीत राणी भांडखोर नसते. शांतपणे बसून असते. ओरडणं नाही, मारामारी नाही, तरी अंडी तीच एकटी घालते आणि बाकीच्या मुकाट राबतात. तिच्या अंगच्या गंधावरून सगळ्यांना कळतं, की ती आहे."

आम्ही दोघांनी एकाच वेळी वळून पाहिलं. आई दारात पाटावर बसली होती. वय चौऱ्याऐंशी. आज कोणती भाजी, पंप किती वाजता, मांजर कुठे, हे सगळं तिच्या मनासारखंच झालं होतं आणि दिवसभरात ती कोणाला एका शब्दाने बोलली नव्हती. जवळ गेलं की कापूर आणि अमृतांजन यांचा एक ठरलेला वास येतो.

"आणि ती राणी काढून घेतली," पुतण्या रंगात येऊन सांगत होता, "तर काही मिनिटांत एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते. सगळ्यांना दटावत सुटते. पुढची राणी तीच होणार असते."

"काही मिनिटांत?" हिने विचारलं. तिच्या आवाजात मला नको तितकी उत्सुकता वाटली.

"हो. आणि जुनी राणी परत आणून ठेवली, की ती पुन्हा गप कामाला लागते."

"हं," ही म्हणाली.

नरांबद्दल मीच विचारलं. त्याने सांगितलं, की नरांना नांगी नसते, ते काही काम करत नाहीत आणि आठवड्याभरात घर सोडून भटकायला निघून जातात. यावर पडवीत कोणी काही बोललं नाही. रेनकोट घडी घालून मी खुंटीला अडकवला.

फवारा बारगळला. आईने निकाल दिला, "त्या आपल्या आधी राहायला आल्यात, पावसाळ्यापर्यंत बघू." मग सहजीवनाचे नियम झाले. झोपाळ्याच्या कड्यांत खोबरेल सोडलं. झोका वीतभराचाच घ्यायचा, म्हणजे तुळई हलत नाही. पोळ्याखाली टाळी वाजवून डास मारायचा नाही. काकूंनी आल्या-आल्या "अग्गोबाई!" म्हणायचं नाही, हा नियम मात्र रोज मोडला गेला. आयुष्यभर हप्त्या-हप्त्याने फिटलेला माणूस मी, झोकाही हप्त्याने घ्यायला शिकलो.

वीतभर झोक्यावर बसून दुसरं करण्यासारखं काही नसतं, म्हणून मी वर पाहू लागलो. एक माशी रोज सकाळी गडग्याच्या बेड्याजवळच्या जुन्या खांबावर येऊन बसे. रंग उडालेलं, उन्हाने पांढुरकं पडलेलं लाकूड तिला लागायचं. ती दातांनी ते खरवडत मागे मागे सरकायची. कान जवळ नेला (उजवा), तर नखाने पापड खरवडल्यासारखा आवाज ऐकू यायचा. खांबावर फिकट रेघा उमटत. मग तो लाळेत कालवलेला गोळा घेऊन ती वर येई, एखाद्या खोलीच्या काठावर बसे आणि पुन्हा मागे सरकत सरकत तो लगदा पातळ पट्टीसारखा लावत जाई. ओला असताना काळपट, दहा मिनिटांत वाळून करडा. फ्रान्सच्या रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७१९ मध्ये हेच पाहून तिथल्या विज्ञान अकादमीला सुचवलं होतं, की कागदासाठी चिंध्या कशाला हव्यात, ही माशी लाकडापासून करतेच आहे. त्याचं म्हणणं खरं व्हायला पुढे शतकाहून जास्त काळ गेला. माझ्याही अर्जांना वरून इतका वेळ लागला नव्हता.

देठाला माश्या काहीतरी चोपडतात, त्यामुळे मुंग्या पोळ्यापर्यंत उतरत नाहीत. आम्ही लाडवांचा डबा पाण्याच्या परातीत ठेवतो, हे त्याचंच ढोबळ रूप. परसातल्या पडवळीवर दर वर्षी अळ्या पडतात, यंदा त्या दिसेनात. त्या कुठे जात होत्या, ते मी वर पाहत होतो. माशी अळी चावून तिचा गोळा करून आणी आणि पिल्लांना घास घास वाटी.

मधल्या काळात चार्जर न्हाणीघराजवळच्या प्लगमध्ये शिरेना. पाहिलं, तर तिन्ही भोकं मातीने लिंपलेली. ही कुंभारीण, दोऱ्याएवढ्या कमरेची. तीही गांधिणीच्याच गोतातली, पण एकटी राहणारी आणि सहसा कोणाच्या वाटेला न जाणारी. तिला भोक दिसलं की बुजवायचं असतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर तिच्याच एका चुलतबहिणीने विमानांच्या वेग मोजायच्या नळ्या बुजवून वैमानिकांना घाम फोडला होता. आमचा नुसता चार्जर होता.

आईने मात्र कुंभारणीला हात जोडले. दत्तगुरूंच्या गोष्टीतल्या अवधूताने जे चोवीस गुरू केले, त्यांत शेवटची ही. लहानपणी प्रत्येक कीर्तनात ऐकलेलं : कुंभारीण अळीला मातीच्या घरात कोंडते, भोवती गुणगुणत राहते, अळी भीतीने तिचाच ध्यास घेते आणि ध्यास घेता घेता स्वतः कुंभारीण होऊन बाहेर पडते. तसं भक्ताने देवाचं ध्यान करावं. मी सुपारी फोडत ऐकलं आणि मूर्खपणाने पुतण्याला विचारलं. त्याने खुलासा केला, की माशी आत आपलं अंडं घालते, अळीला डंख मारून लुळी करून शेजारी रचून ठेवते आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू ती ताजी अळी खाऊन मोठं होतं. बाहेर येते ती तिची मुलगी.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे अळीचीच माशी झाली की. बुवा वेगळं काय सांगत होते?"

मे संपत आला. ढग जमायला लागले. एका दुपारी पेपर वाचता वाचता मला डुलकी लागली होती, तेवढ्यात वर जड घरघर ऐकू आली. डोळे उघडले तर पोळ्यावर एक भलीमोठी काळी माशी, पोटावर एकच पिवळाजर्द पट्टा, आमच्यांच्या दुप्पट. आमच्या वीस-पंचवीस जणी, ज्यांनी माझा कान फोडला होता, पोळं सोडून तुळईवर बाजूला जाऊन बसल्या होत्या आणि नुसत्या पाहत होत्या. ती एकेका खोलीत तोंड घालून पिल्लू ओढून काढत होती. आरामात. टोपलीतले अंगूर खावेत तशी.

त्या क्षणी मला काय झालं, ते अजून कळलेलं नाही. "अगं ए! हो बाजूला!" म्हणून ओरडत मी झोपाळ्यावर उभा राहिलो, पेपरची गुंडाळी केली आणि वार केला. काळी सहज उडाली, आंब्याकडे गेली. वार तुळईवर बसला. झोपाळा हातभर झुलला, खोबरेल कधीच वाळलं होतं, कडी कर्रर्र करून ओरडली.

उजव्या कानाच्या पाळीत दाभण गेला.

हातात कान धरून मी माजघरात आलो. आईने मान वर न करता पानाचं तबक पुढे सरकवलं आणि विचारलं, "परकी डसली की आपली?"

"आपली," मी म्हणालो.

"मग चुना पुरे," आई म्हणाली.