रा. रा. त्र्यंबक रोड यांस

रा. रा. त्र्यंबक रोड,
मुक्काम त्र्यंबक नाका ते थेट कुशावर्त, जिल्हा नाशिक
यांस कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

(साष्टांग हा शब्द रिवाज म्हणून लिहिलेला नाही. मायको सर्कलच्या पुढे मागच्या पावसाळ्यात स्कूटरवरून मी तो तुम्हाला प्रत्यक्ष घातला आहे.)

पत्रास कारण की, आमच्या घरातून तुमच्या नावाने तीन पिढ्या पैसे जात आहेत. आजोबांच्या काळी गाडीच्या पुढच्या काचेला कराचं टोकन चिकटवलेलं असे. वडिलांच्या काळी पावत्यांची फाइल झाली. माझ्या काळी मोबाइलवर ओटीपी येतो. तिघांनीही त्याला ‘रोड टॅक्स’च म्हटलं. परवा सहज कायदा उघडून पाहिला, १९५८ सालचा, तर त्यात तो ‘मोटार वाहन कर’ निघाला. रोड हे आम्ही लोकांनी लाडाने ठेवलेलं नाव. पैसे जातात सरकारच्या मोठ्या रांजणात, आणि त्यातले तुमच्यापर्यंत किती ठिबकतात ते तुमच्या अंगाकडे पाहिलं की कळतं. तुम्हाला हे आधीच ठाऊक असणार. मला पन्नाशीत कळलं. म्हणून हे पत्र परिवहन खात्याच्या साहेबांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. साहेबांकडे आवक-जावक असते, तुमच्याकडे नुसतीच आवक आणि जावक.

आमच्या गाडीला तुम्ही ओळखताच. १९५६ची फियाट अकराशे, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि पुढचे दरवाजे उलटे, कपाटासारखे उघडणारे. इटलीत तिला ‘मिलेचेंतो’ म्हणत. आपल्याकडे तिचं गोल नाक आणि बसकं अंग पाहून कुणीतरी ‘डुक्कर फियाट’ म्हणालं, आणि सबंध महाराष्ट्राने ते असं उचललं की आता कंपनीलाही बदलता येणार नाही. आजोबांना हे नाव खपत नसे. ते तिला ‘मोटार’ म्हणत, आणि दसऱ्याला तिच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवून झेंडूची माळ स्वतः बांधत.

ती जुळवली कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने. हेच वालचंद आपल्या जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगावला आले, तिथे त्यांनी उसाचे मळे फुलवले, साखर काढली आणि पुढे त्या साखरेच्या गोळ्या झाल्या. आम्ही पोरं फियाटच्या मागच्या सीटवर बसून रावळगावची गोळी चघळायचो, म्हणजे एका शेठजींच्या मोटारीत बसून त्याच शेठजींची साखर खायचो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते काही प्रमाणात उसापासून येतं आणि आमच्या गाडीच्या जुन्या रबरी नळ्या मऊ करून खातं. आमचे मिस्त्री नळी बोटांत धरून म्हणाले, “साहेब, हिला शुगर झाली.” यापेक्षा अचूक निदान मी ऐकलेलं नाही.

असो. मुद्दा कराचा आहे.

आपल्या राज्यात माणूस पासष्टीला पोहोचला की एसटीत त्याला अर्धं तिकीट. पंचाहत्तरी गाठली की ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट, ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ ही पदवी वर. छान आहे, माझे वडील त्या अमृतावर दोनदा पंढरपूरला जाऊन आले. गाडीचं म्हातारपण मात्र उलट्या दिशेने मोजतात. पंधरा वर्षं झाली की पर्यावरण कर. २०१० साली तो लागला तेव्हा पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचे ३,००० रुपये होते. नोंदणीच्या नूतनीकरणाला ६०० रुपये पडायचे, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक पायरी बांधली. गाडी वीस वर्षांच्या वर असेल तर १०,०००, आणि परदेशातून आणलेली असेल तर ८०,०००. त्या दिवसापासून आमच्या घरात मोटारीचं माहेर कुर्ला आहे. इटलीचा विषय निघाला की आम्ही पाहुण्यांना चहा विचारतो.

याउलट, मी हिला भंगारात काढली तर? मग माझं कौतुक आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत तशी सोय आहे. मोडीचं प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेणाऱ्याला करात २५ टक्क्यांपर्यंत सूट. नवी गाडी विजेवर चालणारी घेतली तर आणखी चांगलं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागेही घेतला. म्हणजे टाकणाऱ्याला सूट, नवं घेणाऱ्याला माफी, आणि जपणाऱ्याला पावती. आमच्या आजीने आयुष्यभर जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या. बरं झालं, शिवणकाम परिवहन खात्याकडे नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्यासारख्यांसाठी २०२१ च्या जुलैत ‘व्हिंटेज’ नियम निघाला की! निघाला, आणि पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पेढे आणायला निघालो होतो. पन्नास वर्षांपुढची दुचाकी किंवा चारचाकी, सांगाडा, इंजिन आणि अंग मूळ रूपात राखलेली, हिला कायद्याने मान. जुना नंबर असेल तर तो ठेवायची मुभा, नव्याने नोंदवणाऱ्याला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा ५,०००. मान म्हटला की दक्षिणा आलीच, त्याबद्दल तक्रार नाही. मग मी पुढचं कलम वाचलं. ही गाडी रोजच्या वापरासाठी तुमच्यावर आणायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तिथे जाणं-येणं, दुरुस्ती आणि इंधन भरणं, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

थोडक्यात, तिला देव्हाऱ्यात बसवली आणि देव्हाऱ्याला कडी लावली.

पण कायदा लिहिणाऱ्याच्या हृदयात कुठेतरी एक नाशिककर बसलेला असावा, कारण ‘इंधन भरणं’ हे दोन शब्द त्याने आत सोडले. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी त्यांची मॉरिस या नियमाखाली नोंदवली आहे. ते रविवारी सकाळी सहाला उठतात, अंघोळ करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि मॉरिसमध्ये इंधन भरायला निघतात. घराच्या कोपऱ्यावर पंप आहे, पण तिथलं पेट्रोल गाडीला मानवत नाही. दुसरा पंप वळणावर आहे, तिथे वळवायला जागा कमी. मानवणारा पंप तुमच्या अंगावर सातपूर ओलांडल्यानंतर लागतो. वाटेत इंजिन तापतं, ते निवेपर्यंत कुठेतरी थांबणं भाग असतं, आणि नाशिकमध्ये रविवारी सकाळी जिथे थांबाल तिथे मिसळ असते. पापड, दही, वरून जिलबी. दोन लिटर पेट्रोल भरून ते अकराला घरी येतात. गाडी पूर्णपणे नियमात, गृहस्थ पूर्णपणे तृप्त. मागच्या महिन्यात त्यांनी ‘तांत्रिक संशोधना’साठी गंगापूर धरणही पाहिलं.

आमच्यासारख्या मालकांचं म्हणणं काय, असं कुणी विचारलं तर एका तोंडाने उत्तर मिळणार नाही हे तुम्हाला आताच सांगून ठेवतो. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही पाचसात जण जमलो होतो. विषय करमाफीचा. पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष बागायतदार त्यांच्या विलीज जीपने आले होते, बॉनेटवर अजून बोर्डो मिश्रणाचे निळे शिंतोडे. ते म्हणाले, “आपल्याला ना माफी पाहिजे, ना व्हिंटेज. मव्हा जीपड्याला उद्या मान दिला तर मळ्यात पंप कोण ओढंल?” ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले एक काका लॅम्ब्रेटा बाळगून आहेत. त्यांचं मत असं की ‘माफी’ हा शब्दच वाईट, आपण काय गुन्हा केला आहे? एक तरुण मुलगा आहे, त्याची जुनी ॲम्बेसेडर लग्नात नवरदेवाला घेऊन जाते. व्हिंटेज गाडीवर व्यवसाय करायचा नाही हे कलम ऐकून त्याचा चेहरा पडला. नवरदेवाला ‘प्रदर्शन’ म्हणता येईल का, यावर मग बराच वेळ गंभीर चर्चा झाली. आणि ज्यांच्याकडे खरोखर मोठी, संस्थानी थाटाची गाडी आहे ते गृहस्थ आलेच नव्हते. त्यांना कर परवडतो.

तिथे एकच गोष्ट सर्वांना मान्य झाली. पैसा हा प्रश्न नाही. कार्बोरेटरची एक किट शोधायला कुर्ला, चोर बाजार अशी फेरी मारली की त्यातच कराएवढे पैसे उडतात. प्रश्न हा आहे की खिडकीपलीकडचा माणूस गाडीकडे बघून म्हणतो, “अजून ठेवली कशाला?”

(ती खिडकी कुठली ते लिहीत नाही. तो माणूस दुसऱ्या फेरीत खाली आला, दरवाजा उलटा उघडतो हे पाहून लहान मुलासारखा हसला, आणि आत बसून त्याने स्टिअरिंगवर हात फिरवला. त्याच्या वडिलांनी तरुणपणी कुणाची तरी अशीच फियाट चालवली होती, पगारावर. पावती मात्र पूर्ण रकमेची फाडली.)

साहेबाच्या देशात काय करतात तेही सांगतो. इंग्लंडात चाळीस वर्षं पूर्ण केलेली गाडी ऐतिहासिक ठरते आणि तिला रस्त्याचा कर शून्य. अर्ज मात्र करावा लागतो, शून्य भरायलाही कागद लागतोच, आपण हे त्यांच्याकडूनच शिकलो. ती गाडी तिकडे रोज बाजारात न्या, कुणी अडवत नाही. २०१८ च्या मे महिन्यापासून बहुतेक अशा गाड्यांना वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. उलट १ एप्रिल २०२५ पासून तिथे विजेच्या गाड्यांना कर सुरू झाला आहे. आपल्याकडे विजेची गाडी माफ आणि आजी पर्यावरणाची गुन्हेगार, तिकडे आजी माफ आणि नात रांगेत.

हे मी मोठ्या आवाजात घरी वाचून दाखवलं. सौ. भाजी निवडत होती. तिने विचारलं, “तुझी गाडी वर्षात किती दिवस बाहेर निघते?” मी म्हटलं, पंधरा. “आणि त्या पंधरा दिवसांत मागे जो धूर सोडते, तो कोण खातं?” मी गप्प. “पेठ, हरसूलकडून रोज एसटीने येणारी बाई अर्ध्या तिकिटातही प्रवासी कर भरते. तिला नाही माफी, आणि तुझ्या छंदाला पाहिजे?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. धुराबद्दल मी एवढंच म्हणू शकलो की पंधरा दिवसांचा धूर पंधरा दिवसांच्याच मापाने मोजावा, दर किलोमीटरला घ्या हवं तर. त्यावर ती म्हणाली, “मग तो मीटर चालू असायला हवा.” मीटर १९८७ पासून बंद आहे. मूळ रूपात आहे, त्यामुळे बदलता येत नाही.

तुमच्याच काठावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. तिथे सातवाहनांपासूनची नाणी काचेत ठेवली आहेत. चलनातून जाऊन त्यांना शतकं लोटली, पण अजून बाद का झाला नाहीत म्हणून कुणी त्यांना पावती पाठवत नाही. आणि आपल्या ओझरला बांधलेलं मिग-२१! सप्टेंबर २०२५ मध्ये ते चंदीगडला निवृत्त झालं तेव्हा पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी मिळाली. एचएएलचे काका त्या दिवशी टीव्हीसमोर उभे राहून पाहत होते. नंतर खाली जाऊन त्यांनी लॅम्ब्रेटा पुसली. तिला नवी, उच्च सुरक्षेची नंबर प्लेट बसवायची होती, आणि त्यासाठी मूळ मडगार्डला भोक पाडायचं की नाही या विवंचनेत ते तीन मुदतवाढी जागे होते.

तर मागणी काय, असं तुम्ही विचाराल. आजोबा असते तर म्हणाले असते, कर घ्या, पण चालवू द्या. वडील म्हणतील, चालवू नका म्हणता तर कर कशाचा? मी तिसऱ्या पिढीतला, धीट कमी. माझी मागणी एवढीच की दोन्ही वाक्यांपैकी कुठलंही एक पाळा. वर्षातल्या पंधरा दिवसांचा कर पंधरा दिवसांएवढा घ्या, आणि त्या पंधरा दिवसांत आम्ही मिसळीला चाललो की संशोधनाला, हे विचारू नका.

तुमच्याही तब्येतीची काळजी वाटते. सिंहस्थ जवळ आला. तुम्हाला रुंद करणार, उकरणार, पुन्हा बुजवणार. १९९१, २००३, २०१५, आमच्या मोटारीने तिन्ही सिंहस्थांत तुमचं नवं डांबर पाहिलं आणि पुढच्या श्रावणात ते कुठे गेलं तेही पाहिलं. तुमच्यावरून निवृत्तीनाथांच्या वारीला माणसं अनवाणी जातात, त्यांच्याकडून कुणी काही घेत नाही, हे मात्र फार बरं आहे. तेवढं कुणाच्या लक्षात आणून देऊ नका.

कळावे, लोभ आहेच, तो असाच असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक करदाता, उलट्या दरवाज्याचा

ता. क. रविवारी सकाळी साडेसहाला येतो आहे. कुणी विचारलं तर पेट्रोल भरायला.