हाकेला ओ

‘आपोआप’ या शब्दावर माझा फार जीव. आपोआप बंद होणारी पाण्याची मोटर, आपोआप पेटणारा गॅस, सगळ्यांनी मला आळीपाळीने तोंडघशी पाडलंय, पण प्रेम काही आटत नाही. त्या भरात मी एकदा प्राचार्यांपुढे बोलून गेलो, “सर, यंदा लॅबमधल्या ४० कॉम्प्युटरांवर ऑपरेटिंग सिस्टिम नेटवर्कवरून आपोआप पडेल. बटण दाबायचं आणि चहाला जायचं.” सरांनी यातला ‘चहा’ तेवढा ऐकला आणि शिपाईमामांना आवाज दिला.

आदल्या वर्षी हेच काम पेनड्राइव्हने केलं होतं. कॉलेजचे पेनड्राइव्ह तीन. त्यातल्या एकात मामांच्या पुतणीचं लग्न होतं, ते पुसायची कुणाची छाती झाली नाही. उरले दोन. एका यंत्राला ४० मिनिटं, यंत्रं ४०, म्हणजे १३ तास २० मिनिटं. शेवटच्या यंत्रापाशी मी ‘नेक्स्ट’चं बटण झोपेत दाबत होतो.

नेटवर्कवरून इन्स्टॉल करायची युक्ती तशी जुनी. इंटेलने १९९९ मध्ये ‘पीएक्सई’ची दोन-पूर्णांक-एक आवृत्ती काढली, ती आजही चालते. यात कॉम्प्युटर डोळे उघडतो तेव्हा त्याला स्वतःचा पत्ताही ठाऊक नसतो. तो सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशी हाक मारतो : ‘अहो, मी कोण? कुठे राहतो? आणि मी काय करू?’ या हाकेला ओ देणारा तो डीएचसीपी सर्व्हर. तो पत्ता देतो आणि सांगतो, अमक्याकडे जा, तमुक फाईल माग. ओ कोणी दिली, त्याची लायकी काय, याची विचारपूस नाही. इतकं भोळं लेकरू मी आमच्या घराण्यातसुद्धा पाहिलेलं नाही.

आता ही हाक मारायला प्रत्येक यंत्राला आधी शिकवावं लागतं. ४० यंत्रांच्या बायोसमध्ये जाऊन नेटवर्क बूट चालू करायचं आणि क्रमात पहिलं ठेवायचं. खरेदी तीन वेगवेगळ्या वर्षांची, त्यामुळे कुठे एफ-२, कुठे डिलीट, कुठे एफ-१०. डिलीटचं बटण सात कीबोर्डांवर नव्हतंच. मुलांनी ते नावाप्रमाणे वागवलं होतं. पाच यंत्रांचे बटणसेल संपलेले. सीआर-२०३२, अगदी मनगटी घड्याळात शोभेल असा चपटा सेल. तो गेला की यंत्र मुख्य स्विच बंद होताच सगळं शिकवणं विसरतं आणि २००९ सालात जाऊन बसतं. बाजारपेठेतल्या घड्याळवाल्याकडून पाच सेल आणले. त्याने विचारलं, “एवढी घड्याळं एकदम कशी बंद पडली?”

मग मॅक पत्ते. प्रत्येक नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरांचा जन्मनंबर असतो, त्यात शून्य ते नऊ आणि ए ते एफ. दोन मुलं टेबलाखाली घुसून ओरडत होती, मी वर लिहीत होतो. बी, सी, डी, ई हे सगळे एकाच सुरातले. शेवटी ठरलं : बटाट्याचा बी, डब्याचा डी. चुकून कुणी शिक्षणमंडळाच्या बाई दारात आल्या असत्या, तर बालवाडी उघडली म्हणून अनुदान मिळालं असतं.

पहिली चाचणी घेतली. पडद्यावर ओळ आली : पीएक्सई-ई५३, नो बूट फाइलनेम रिसीव्ह्ड. पत्ता मिळाला, पुढचं काम कुणी सांगितलं नाही. अर्धा दिवस मी स्वतःच्या सर्व्हरला शिव्या घातल्या. मग कळलं, ओ दुसराच कुणीतरी देत होता! लॅबच्या स्विचमधून एक पिवळी वायर खिडकीतून बाहेर, पन्हळीला बांधून थेट ऑफिसात गेली होती. तिथे वायफायचा राउटर बसलेला, आणि माझा सर्व्हर घसा खाकरेपर्यंत तो पत्ते वाटून मोकळा. मी राउटरमधली डीएचसीपी बंद केली आणि गड जिंकल्यासारखा परत आलो. वायर तशीच राहिली. गड जिंकणाऱ्याला पन्हळी दिसत नाही.

आता गाडी चालू लागली. टीएफटीपी नावाच्या पद्धतीने पहिल्या फाइली येतात. तिची तऱ्हा आजीच्या गोष्टीसारखी. ५१२ बाइट सांगायचे आणि थांबायचं. समोरून ‘हं’ आला की पुढचे ५१२. हुंकार आला नाही तर तेवढंच पुन्हा. त्यानंतर यंत्र आपल्यासाठी काय निरोप ठेवलाय ते शोधतं. आधी मॅक पत्त्याच्या नावाची फाईल. नसेल तर आयपी पत्त्याचं आठ अक्षरी नाव. तेही नसेल तर शेवटचं अक्षर छाटून सात अक्षरी, मग सहा, पाच, असं करत एकावर. गावात नवखा पाहुणा आधी पूर्ण नाव सांगतो, मग आडनाव, मग नुसतंच “ते जाड मिशीचे”, त्यातली गत. काहीच जमलं नाही की ‘डिफॉल्ट’ नावाची फाईल उघडायची.

शहाणा माणूस ४० यंत्रांच्या नावाने ४० फाइली करतो. मी सगळा मजकूर डिफॉल्टमध्ये टाकला. येईल त्याला पंगतीला बसवा, कुणाचे कोण विचारू नका.

डेबियनमध्ये इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ठेवता येतात. याला मी आगाऊ उत्तरं म्हणतो, दोन्ही अर्थांनी. भाषा? इंग्रजी. वेळ कुठली? एशिया-कोलकाता, त्यामुळे आमचं तालुक्याचं कॉलेज कागदोपत्री हुगळीकाठी आहे. डिस्कवरचं सगळं पुसू का? हो. नक्की? हो. या ‘नक्की’वर माणूस एरवी क्षणभर तरी थबकतो.

संध्याकाळी सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम उठवलं. त्यासाठी जी हाळी जाते तिच्यात यंत्राचा मॅक पत्ता १६ वेळा असतो. आमच्या आईलाही मला शाळेसाठी उठवायला साधारण तेवढ्याच हाका लागत. ४० पंखे घुर्र करून फिरले, ४० पडद्यांवर निळी पट्टी सरकू लागली. मी खरोखर चहाला गेलो. मामा म्हणाले, “साहेब, आज पहिल्यांदा तुम्ही बसून चहा पिताय.”

परत आलो तर पट्ट्या दहा टक्क्यांवर. अजून? निरखून पाहिलं तर इन्स्टॉल पूर्ण करून यंत्रं पुन्हा चालू झाली होती, क्रमात नेटवर्क पहिलं असल्याने त्यांनी पुन्हा हाक मारली होती आणि माझा सर्व्हर पुन्हा आनंदाने ओ देत होता. मी धावत जाऊन सर्व्हरची वायर उपटली. चालू फेरी अर्ध्यात तुटली, म्हणून रात्री एकेक ओळ करून ती पुरी करत बसलो. दोन यंत्रं राहिली, ती सकाळी बघू म्हणून घरी गेलो. सकाळी दहाला येऊन वायर जोडली.

साडेदहाला ऑफिसातून भाऊसाहेबांचा निरोप : “जरा या. माझ्या कॉम्प्युटरवर जिलबी आलीय.”

ती जिलबी म्हणजे डेबियनचा लाल भोवरा. माझ्या पायांतलं बळच गेलं. भाऊसाहेबांच्या यंत्रातला बटणसेल कधीचाच मेलेला, त्यामुळे ते रोज सकाळी नेटवर्कवर हाक मारायचं. राउटर पत्ता द्यायचा, काम कुणीच सांगायचं नाही, मग बिचारं आपल्या डिस्ककडे वळायचं.

“रोज ती ई-त्रेपन्नची ओळ यायची,” भाऊसाहेब म्हणाले, “मी समजायचो, नमस्कार करतंय. आज ओळ आलीच नाही.”

“भाऊसाहेब, फीची यादी? पगारपत्रकं?”

त्यांनी शांतपणे मागचं लोखंडी कपाट उघडलं. आत लाल कापडात बांधलेल्या वह्या, सालवार. “या डब्यावर कोण विश्वास ठेवतंय? आधी वहीत, मग यात.”

मी खुर्चीत बसलो. मामा न सांगता पेनड्राइव्ह घेऊन आले, लग्नाचाच. “व्हिडिओ मोबाइलमध्ये घेतलाय,” ते म्हणाले, “पुसा आता.”

भाऊसाहेबांचं यंत्र ४० मिनिटांत तयार झालं. तोवर त्यांनी मला एक वही आणि शिसपेन्सिल दिली होती. पावत्या मी लिहीत होतो.