गुणाकारकाका

युरोपच्या प्रत्येक ग्रुप टूरमध्ये एक गुणाकारकाका असतातच. ओळखायला सोपे: सगळे आयफेल टॉवरकडे बघत असताना हे तिथल्या पाण्याच्या बाटलीकडे बघून डोळे मिटतात, ओठ हलवतात आणि काकूंना दबक्या आवाजात निकाल ऐकवतात. काकू बाटली खाली ठेवतात.

काकांचा प्रवास निघण्याच्या महिनाभर आधी कॅम्पातल्या मनी चेंजरकडे सुरू होतो. "गूगल तर कमी दाखवतंय," असं म्हणून ते फोन पुढे करतात. गूगलचा भाव बँका आपापसात लावतात, काउंटरवर तो कुणालाच मिळत नाही, हे काकांना पक्कं माहीत असतं. पण मागायला काय जातं? पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणतो, "मग गूगलकडूनच घ्या, काका." तीन दुकानं पालथी घालून काका युरोमागे चाळीस पैसे वाचवतात. रिक्षाचं भाडं या हिशेबात धरत नाहीत.

2025 साली युरोनं शंभरी ओलांडली आणि काकांच्या विद्येवर घाला आला. युरो नव्वद-ब्याण्णवला होता तेव्हा सोळा युरो पन्नास सेंटचे रुपये तोंडी सांगणं ही कला होती. बसमधली माणसं मागे वळून विचारायची. आता कुणीही शेंबडं पोर दोन शून्यं लावतं. "वरचे दोन-चार रुपये कोण धरणार?" असं काका कडवटपणे विचारतात आणि स्वतः धरतात.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र त्यांना जुने दिवस परत मिळतात. तिथलं चलन फ्रँक. टुरिस्टांच्या दुकानात युरोची नोट घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये परत देतात. युरोतून फ्रँक, फ्रँकातून रुपये, शिवाय दुकानदारानं मध्ये काय खाल्लं ते वेगळं. आल्प्स राहतो बाजूला, काका बिलाच्या पाठीवर त्रैराशिक मांडून बसतात. इतके प्रसन्न ते एरवी दिसत नाहीत.

हॉलंडमध्ये रोखीचं बिल पाच सेंटच्या पटीत करतात, कारण एक-दोन सेंटची नाणी तिथे कुणाला नको असतात. पहिल्या दिवशी 7.98 च्या बिलाला आठ युरो गेले आणि काकांची झोप उडाली. सकाळी नाश्त्याला त्यांनी नियम जाहीर केला: शेवटी एक, दोन, सहा, सात आलं तर रोख, तीन, चार, आठ, नऊ आलं तर फॉरेक्स कार्ड. आम्ही हसलो. मग गुपचूप तसंच वागू लागलो.

या माणसाचा खरा त्रास हा की त्याचं बरोबर असतं. पॅरिसच्या दुकानात कार्ड लावलं की मशीन आपुलकीनं विचारतं, पैसे रुपयांत कापू का? आपले रुपये दिसले की आपला माणूस हरखतो. त्याच क्षणी पर्फ्यूमच्या रांगेतून आरोळी येते, "युरो दाबा, युरो!" रुपये दाबले की भाव मशीनवाल्याचा आणि त्यात त्याचा वाटा गुपचूप मिसळलेला. एवढं एक वाक्य पाळलं तर काकांची सगळी कटकट वसूल होते. पण ऐन प्रेमात पडल्यासारखे लोक रुपयेच दाबतात आणि काका रात्री जेवताना त्यांचं नुकसान त्यांना पैशापर्यंत सांगतात.

परतल्यावर हिशेब एकाच ठिकाणी अडतो: नाणी. नोटा परत घेणारे मनी चेंजर नाण्यांना हात लावत नाहीत. काकांकडे चौदा युरोंची चिल्लर श्रीखंडाच्या डब्यात पडून आहे. काकू म्हणतात नातवाला खेळायला द्या. चौदाशे रुपये खेळायला? 1 जानेवारी 2026 पासून बल्गेरियातही युरो चालू झाल्याचं काकांनी वाचलंय. पॅरिस, रोम, ॲमस्टरडॅम तर बघून झालं. तेव्हा पुढच्या मे महिन्यात बल्गेरिया नक्की. माणशी दीड-दोन लाख जातील, पण डबा रिकामा होईल.