चौदा टक्क्यांची लोकशाही

निवडणूक आयोग आचारसंहिता जाहीर करतो, त्याच सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर दुसरी एक संहिता जाहीर होते. ती आयोगाला विचारून केलेली नसते, त्यामुळे तिच्यावर कोणाचा अविश्वासही नसतो. 2019 ला आली, 2024 ला आली, पुढच्या खेपेलाही येईल. कलमं तीनच. यादीत नाव नसलं तर आधार दाखवून 'कलम 49 अ'खाली 'चॅलेंज व्होट' मागा. आपल्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल तर 'टेंडर व्होट' मागा. आणि टेंडर व्होट 14 टक्क्यांच्या वर गेले की त्या केंद्रावर फेरमतदान! खाली तिरंगा, जोडलेले हात आणि 'एक जागरूक नागरिक' अशी सही.

यातला 14 हा आकडा मला मनापासून आवडतो. 10 म्हटलं असतं तर थाप वाटली असती, 15 म्हटलं असतं तर अंदाज. 14 टक्के म्हटल्यावर कुठंतरी समिती बसली असणार, तिच्या तीन बैठका झाल्या असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात अशी तरतूदच नाही.

49 अ मात्र आहे, निवडणूक संचालन नियम, 1961 मध्ये. मतदान यंत्राला एक कंट्रोल युनिट आणि एक बॅलट युनिट असावं, असं काहीसं ते सांगतं. चॅलेंजही आहे, पण ते मतदारानं मागायचं नसतं, त्याच्यावर घेतलं जातं. 'हा तो माणूस नव्हे' असं एखाद्या पोलिंग एजंटला वाटलं, तर त्यानं केंद्राध्यक्षांकडे रोख दोन रुपये भरायचे, मग चौकशी. आक्षेप उगाच घेतलेला निघाला तर दोन रुपये सरकारजमा. आमचे सेक्रेटरी छाती पुढं काढून जे मागायला निघतात, ते खरं तर तोतयाच्या वाट्याला यायचं असतं. टेंडर व्होट तेवढा खरा. त्याला कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात जाते आणि मतमोजणीच्या दिवशी ते पाकीट उघडत नाहीत.

कायद्याचा हा वर्ग भरतो मतदान केंद्राच्या दारात. समोर केंद्राध्यक्ष म्हणून बसवलेले झेडपीचे मास्तर, पहाटे साडेपाचपासून मॉक पोलला जुंपलेले. त्यांच्या हातातल्या यादीत नाव नाही, आणि आधार कितीही हलवून दाखवलं तरी ते उमटत नाही. मग लोकशाहीच्या खुनाचा गुन्हा मास्तरांच्या नावावर लागतो आणि दुपारपर्यंत त्याचा व्हिडिओ शेजारच्या सोसायटीत पोचतो.

याद्यांमधले घोळ खोटे नाहीत हो. जिवंत माणसं गळतात, मेलेली टिकून राहतात. पण ज्यांना याचा जाब विचारायचा, ते त्या दिवशी मास्तरांच्या आड सुखरूप असतात. नाव घालायचं तर नमुना 6 भरावा लागतो, तोही उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या बराच आधी. हा नमुना 6 कोणी फॉरवर्ड करत नाही. त्यात फोटो लागतो, पत्त्याचा पुरावा लागतो, आणि वाचून राग अजिबात येत नाही.

खोटं ओळखायचं कोणी, याचं एक उत्तर केंद्र सरकारनं 2023 मध्ये काढलं होतं. सरकारी कारभाराबद्दलचं खोटं कुठलं, ते सरकारनंच नेमलेला विभाग ठरवणार! फलंदाजालाच पंचाचा कोट घालायची ही युक्ती मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये रद्द केली. व्हॉट्सॲपनं 2020 मध्ये वेगळा उपाय केला. फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल. आमच्या सेक्रेटरींनी त्याच आठवड्यात कॉपी-पेस्टचा शोध लावला.

म्हणून माझी सूचना तेच दोन रुपये. फॉरवर्ड करण्याआधी रोख भरा, मजकूर खोटा निघाला तर सरकारजमा. राज्याचं कर्ज पावसाळी अधिवेशनापर्यंत फिटेल. सूचना ग्रुपवर टाकली आणि रात्रीपर्यंत ती मला परत आली, तिरंग्यासकट. आज मध्यरात्रीपासून प्रत्येक फॉरवर्डमागे दोन रुपये कापले जाणार, उच्च न्यायालयाचा आदेश, आणि हा मेसेज 11 जणांना पाठवल्यास कापले जाणार नाहीत.